मळीच्या तलावाखालचा पाझर: दख्खनच्या कातळात तो भूभौतिक पद्धतींनी कसा शोधावा

मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीच्या साठवण तलावातून सांडपाणी जमिनीत मुरते आहे का, हा प्रश्न सहसा तलावाच्या काठावर निघत नाही. तो निघतो उताराच्या बाजूला अर्धा-एक किलोमीटर अंतरावरच्या एखाद्या विहिरीवर. पाण्याला तपकिरी झाक येते, वास येतो, जनावरे तोंड लावत नाहीत. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना उसाला पडणाऱ्या खतांकडे, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. अशा वेळी कोणीतरी 'जमिनीचा एक्स-रे काढून घ्या' असे सुचवते. विद्युत रोधकतेचे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याचे, सर्वेक्षण म्हणजे एक्स-रे नव्हे, ही समजूत सुरुवातीलाच पक्की केली तर पुढचे बरेच चुकीचे निष्कर्ष टळतात. हा लेख असे काम प्रथमच हाती घेणाऱ्या तरुण भूवैज्ञानिकांसाठी आणि ते करून घेणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी, कारखान्यांसाठी लिहिला आहे. उदाहरण महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातले घेतले आहे, कारण राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे आणि वाळूच्या प्रदेशांसाठी लिहिलेल्या पुस्तकी सूचना या कातळात अनेकदा फसवतात.

आधी हिशेब, मग उपकरण

भूभौतिक पद्धतीला प्रदूषण दिसत नाही. तिला दिसते ती जमिनीतून वीज वाहण्याची सुलभता. सांडपाण्यात क्षार विरघळलेले असतील आणि मूळ भूजलापेक्षा ते बरेच अधिक असतील, तरच जमिनीची रोधकता मोजता येण्याइतकी घटते. आसवनीच्या बाबतीत ही अट बहुधा पूर्ण होते. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर मळीचे पाणी निघते. ते आम्लधर्मी, गडद तपकिरी आणि पोटॅशियमने समृद्ध असते. याउलट डिझेलची गळती किंवा काही औद्योगिक द्रावके वीज जवळजवळ वाहूच देत नाहीत, त्यामुळे पुढे वर्णन केलेली पद्धत त्यांच्यासाठी जशीच्या तशी वापरणे चूक ठरेल.

म्हणून उपकरण भाड्याने आणण्यापूर्वी दोन नमुने घ्यावेत, एक तलावातला आणि एक चढाच्या बाजूच्या निर्धोक विहिरीतला, आणि कागदावर हिशेब मांडावा. मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या वाहकतेने १०,०००ला भागले की पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते. समजा, विहिरीच्या पाण्याची वाहकता ८०० आहे, म्हणजे रोधकता १२.५ ओहम-मीटर, आणि तलावातल्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची १२,०००, म्हणजे सुमारे ०.८ ओहम-मीटर. भूजलात दहा टक्के सांडपाणी मिसळले तर मिश्रणाची वाहकता १,९२० होते आणि पाण्याची रोधकता ५.२ ओहम-मीटरवर येते. ही घट अडीचपटीच्या जवळ जाणारी आहे, आणि इथवर चित्र आशादायक वाटते.

मात्र उपकरण नुसते पाणी मोजत नाही, ते खडक आणि पाणी मिळून मोजते. १९४२ साली पेट्रोलियम अभियंते आर्ची यांनी मांडलेला नियम सांगतो की सच्छिद्र खडकाची रोधकता त्यातल्या पाण्याच्या रोधकतेच्या ठरावीक पटीत असते. तो नियम चिकणमातीविरहित वाळूच्या खडकांवर बेतलेला आहे. आपला मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्यात फुगणारी चिकणमाती भरपूर असते आणि ती स्वतःही वीज वाहून नेते. ही पट सहा धरली आणि चिकणमातीची स्वतःची वाहकता मीटरला २५ मिलिसीमेन्स धरली, तर स्वच्छ पाण्याने भरलेला मुरूम सुमारे २६ ओहम-मीटर दाखवील आणि दहा टक्के सांडपाणी मिसळलेला सुमारे साडेसतरा. पाण्यात दिसणारी अडीचपटीची घट जमिनीत दीडपटीवर येते. हा दीडपटीचा फरक तुमच्या छेदात, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाच्या चित्रात, दिसेल की जमिनीच्या नैसर्गिक चढउतारात हरवून जाईल, यावर सगळे सर्वेक्षण अवलंबून आहे. हिशेबातली तफावत दीडपटीहूनही कमी निघाली, तर सर्वेक्षणाचा खर्च वाचवून तो पैसा सरळ निरीक्षण विहिरींवर लावावा.

विहिरींची फेरी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे. तलावाभोवतीच्या किमान एक किलोमीटर परिसरातील, आणि उताराच्या दिशेने त्याहून अधिक अंतरावरील, प्रत्येक विहीर व विंधन विहीर नोंदवावी. काठापासून पाण्याची खोली, काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची, वाहकता, सामू, तापमान आणि शेवटचा उपसा केव्हा झाला, एवढ्या नोंदी प्रत्येक ठिकाणी हव्यात. वाहकतामापक रोज सकाळी १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्यावा. पाण्याची वाहकता दर अंशाला जवळपास दोन टक्क्यांनी बदलते, म्हणून सर्व वाचने २५ अंश सेल्सिअसवर आणलेली असावीत. उघड्या विहिरीत वरचे आणि तळाचे पाणी वेगवेगळे मोजावे. क्षारयुक्त पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि नुसती बादली बुडवून घेतलेला नमुना विहिरीला निर्दोष ठरवू शकतो.

पाण्याच्या पातळ्या समुद्रसपाटीशी जोडून समपातळी रेषा काढल्या की भूजल कोणत्या दिशेने सरकते ते कळते, आणि सर्वेक्षणाच्या रेषा कुठे आखायच्या ते त्यावरून ठरते. विहीर खोदणाऱ्या जुन्या कारागिरांशी याच फेरीत बोलून घ्यावे. कोणत्या खोलीला मुरूम संपला, मांजऱ्या (पोकळ्या असलेला बेसाल्ट) कुठे लागला, गेरूचा तांबडा पट्टा आला का, पाण्याचा झरा कोणत्या बाजूने फुटला, हे त्यांना पाठ असते. पुढे संगणकावरचा रंगीत छेद वाचताना या माहितीची किंमत कळते.

खतांचा प्रश्न इथेच अर्धा सुटू शकतो. मळीच्या पाण्यात पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही भरपूर असतात, पण उसाला दिल्या जाणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही नेमके तेच दोन घटक आहेत. शिवाय पोटॅशियमला चिकणमाती धरून ठेवते, त्यामुळे पाणी पुढे पोहोचले तरी पोटॅशियम मागे राहू शकते. म्हणून एकट्या पोटॅशियमवर विसंबू नये. क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, रासायनिक प्राणवायू मागणी (पाण्यातल्या सेंद्रिय भाराचे माप) आणि रंग यांचा एकत्र विचार करावा. नायट्रेट अधिक आणि रंग नाही, अशी विहीर शेताकडे किंवा गोठ्याकडे निर्देश करते. रंग आणि सेंद्रिय भार दोन्ही अधिक असतील तर संशय तलावाकडे वळतो.

तलावाचा जमाखर्च

तलावात आवक बंद असेल असे चार-पाच दिवस निवडावेत आणि पातळी मिलिमीटरपर्यंत मोजावी. जवळच बाष्पीभवन पात्र ठेवावे. पातळी रोज १४ मिलिमीटरने उतरत असेल आणि पात्रातील बाष्पीभवन ८ मिलिमीटर असेल, तर पात्राचा गुणक ०.७ धरून तलावाचे बाष्पीभवन ५.६ मिलिमीटर होते. उरलेले ८.४ मिलिमीटर कुठेतरी गेले आहेत. दोन हेक्टरच्या तलावात याचा अर्थ दिवसाला सुमारे १६८ घनमीटर होतो. दाट, क्षारयुक्त पाण्याचे बाष्पीभवन साध्या पाण्यापेक्षा थोडे कमीच असते, त्यामुळे हा अंदाज पाझर फुगवून सांगत नाही. एवढ्या साध्या मोजणीने पाझर आहे की नाही हे समजते. तो कुठून आणि कुठे जातो, हे शोधायला पुढची उपकरणे लागतात.

तळाला प्लास्टिकचे अस्तर असेल तर आणखी एक युक्ती उपयोगी पडते. अखंड अस्तर वीज जाऊ देत नाही. एक इलेक्ट्रोड तलावातील द्रवात आणि दुसरा बाहेर लांब जमिनीत रोवून प्रवाह सोडला, तर तो अस्तराच्या छिद्रातूनच बाहेर पडतो. द्रवातील विभवांतर ओळीओळीने मोजत गेल्यास छिद्रापाशी ते एकदम वरखाली होते. अट एवढीच की काठावरून आत लोंबणारी लोखंडी नळी, पंपाचा पाया किंवा अस्तरावरून ओघळणारे पाणी यांमधून प्रवाहाला आडवाट मिळता कामा नये.

हंगाम आणि अडथळे

सर्वेक्षण दोनदा करावे, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा पावसाळा संपल्यावर. एकदाच करणे शक्य असेल तर गाळप हंगाम संपतानाचा काळ निवडावा, कारण तेव्हा तलाव भरलेले असतात आणि पावसाने भूजल पातळ झालेले नसते. रेषेवर येणाऱ्या प्रत्येक शेताला शेवटचे पाणी कधी दिले ते लिहून ठेवावे. कालच पाणी दिलेला उसाचा फड छेदात हुबेहूब प्रदूषणासारखा दिसतो. उच्चदाबाच्या तारा, तारेची कुंपणे, पुरलेले केबल आणि लोखंडी नळ्या नकाशावर आधीच दाखवाव्यात. आम्ही एकदा नदीच्या दिशेने सरळ जाणारा, अतिशय सुबक असा कमी रोधकतेचा पट्टा पाहून हरखून गेलो होतो. ती उपसा सिंचनाची जुनी लोखंडी नळी निघाली. निसर्गात इतकी सरळ रेषा क्वचितच असते, हे तेव्हा लक्षात यायला हवे होते.

विद्युतचुंबकीय चाचपणी

क्षेत्र मोठे असेल तर आधी विद्युतचुंबकीय वाहकतामापक घेऊन चालत फेरी मारावी. यात जमिनीत खिळे ठोकावे लागत नाहीत. एक वेटोळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, जमिनीत त्यामुळे प्रवाह उमटतात आणि दुसरे वेटोळे त्यांचा प्रतिसाद मोजते. साडेतीन-पावणेचार मीटर लांबीच्या, एका माणसाने खांद्याला लावून न्यायच्या दांड्यासारख्या उपकरणाची पोहोच सुमारे सहा मीटर असते. दोन स्वतंत्र वेटोळी १०, २० आणि ४० मीटर अंतरावर धरली तर उभ्या द्विध्रुवाच्या मांडणीत (वेटोळी जमिनीला समांतर, आडवी धरून) पोहोच अनुक्रमे १५, ३० आणि ६० मीटरपर्यंत जाते. काळ्या मातीचा थर जाड असलेल्या भागात लहान उपकरण मुख्यतः ती मातीच मोजते, म्हणून वेटोळ्यांची जोडी वापरणे बरे. वाचने मीटरला १०० मिलिसीमेन्सच्या वर गेली की ती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू लागतात. अशा ठिकाणी आकड्यावर विसंबू नये, वाहकता कुठे वाढते आणि कुठे उतरते एवढेच पाहावे.

भूभेदी रडारची विचारणा हमखास होते. काळ्या चिकणमातीत त्याच्या लहरी जेमतेम मीटरभर खाली जाऊन विरतात. त्यावर खर्च करू नये.

रोधकतेचे छेद

कामाचा गाभा इथे आहे. जमिनीत ओळीने इलेक्ट्रोड रोवायचे, दोनांतून प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या दोनांमध्ये विभवांतर मोजायचे, हे तत्त्व साधे आहे. चारच इलेक्ट्रोड असलेले साधे उपकरण उपलब्ध असेल तर वेनर मांडणीत समान अंतर ठेवून मोजणी करता येते. अंतर १० मीटर, प्रवाह १०० मिलिअँपिअर आणि विभवांतर ४५ मिलिव्होल्ट असेल, तर आभासी रोधकता २ × ३.१४ × १० × ०.४५, म्हणजे सुमारे २८ ओहम-मीटर येते. बहुइलेक्ट्रोड उपकरण हीच कृती आपोआप शेकडो वेळा करते आणि त्यावरून जमिनीचा उभा छेद तयार होतो.

पहिली रेषा तलावाच्या वर, चढाच्या बाजूला, प्रदूषण पोहोचणे शक्य नाही अशा जागी घ्यावी. बहुतेक वेळा पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच रेषा गाळली जाते, आणि मग उरलेल्या सर्व रेषा वाचायला आधारच राहत नाही. दुसरी रेषा तलावाच्या खालच्या बांधाला समांतर, बांधापासून २०-३० मीटर अंतरावर घ्यावी. तिसरी आणि चौथी तिच्याच समांतर, पण अधिक दूर घ्याव्यात. एक रेषा प्रवाहाच्या दिशेने, चढावरच्या भागापासून खालपर्यंत नेता आली तर उत्तमच. बांधाला अगदी चिकटून रेषा घेतल्यास बाजूच्या तलावातले द्रवच छेदात उतरते, कारण वीज फक्त खाली जात नाही, बाजूलाही पसरते.

४८ इलेक्ट्रोड पाच मीटर अंतरावर लावल्यास रेषेची लांबी २३५ मीटर होते आणि वेनर मांडणीत साधारण ४० मीटर खोलीपर्यंतची माहिती मिळते. आडवे थर वेनर मांडणीत स्पष्ट दिसतात, तर उभ्या भेगा आणि डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती) द्विध्रुव-द्विध्रुव मांडणीत, जिच्यात प्रवाहाची जोडी आणि विभवाची जोडी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतात. बेसाल्टमध्ये पाणी दोन्ही वाटांनी जाते, म्हणून महत्त्वाच्या रेषेवर दोन्ही मांडण्या मोजाव्यात.

कोरड्या मुरमात इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्क नीट बसत नाही. खिळा खोल ठोकून त्याभोवती साधे पाणी ओतावे. मिठाचे पाणी घ्यावेच लागले तर ते सर्व रेषांवर सारखेच आणि थोडे वापरावे, नाहीतर आपण शोधतो आहोत ते क्षार आपल्याच हाताने पेरले जातील. संपर्क रोध दोन किलोओहमच्या खाली आणावा. प्रत्येक मोजणी किमान तीनदा करून त्यात पाच टक्क्यांहून अधिक तफावत येणारी वाचने वगळावीत. काही मोजण्या प्रवाहाचे आणि विभवाचे इलेक्ट्रोड आपसांत बदलून पुन्हा घ्याव्यात. उत्तर सारखे न आल्यास त्या दिवसाची माहिती जपून वापरावी.

उपकरणाला प्रेरित ध्रुवीकरण मोजण्याची सोय असेल तर तीही वापरावी, कारण मुरमाच्या चिकणमातीचे कोडे सोडवायला दुसरी मोठी मदत नाही. प्रवाह तोडल्यावर चिकणमाती विद्युतभार काही क्षण धरून ठेवते, तर क्षारयुक्त पाण्यात हा परिणाम क्षीण होतो. रोधकता कमी आणि भारधारणा अधिक असेल तर तो बहुधा मातीचा गुण असतो. दोन्ही कमी असतील तर पाण्यावर संशय घ्यावा.

छेद वाचताना

संगणक मोजलेल्या आकड्यांना जुळणारे एक प्रतिमान तयार करतो. तसेच जुळणारे दुसरे प्रतिमानही असू शकते, हे सतत ध्यानात ठेवावे. त्रुटी पाच टक्क्यांच्या आसपास आली की थांबावे. ती आणखी खाली ओढण्याच्या हट्टात छेदात जमिनीत नसलेल्या गाठी उमटतात. दोन वेगवेगळ्या आरंभिक प्रतिमानांपासून गणित करून पाहावे. ज्या खोलीच्या खाली दोन्ही उत्तरे वेगळी होतात, तिथून खालचा भाग झाकून टाकावा. सर्व छेदांना एकच, लघुगणकीय रंगपट्टी द्यावी. प्रत्येक छेदाला संगणकाने आपोआप दिलेले वेगळे रंग हे दिशाभूल होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. एका छेदातला निळा १० ओहम-मीटरचा असतो आणि दुसऱ्यातला ४०चा, आणि बैठकीत मात्र सगळे जण निळ्याकडेच पाहत बसतात.

दख्खनमध्ये ओली काळी माती साधारण ३ ते १० ओहम-मीटर, मुरूम १५ ते ४०, पाणी भरलेला भेगाळलेला बेसाल्ट ४० ते ७० आणि अखंड कातळ १००पासून कित्येक शेपर्यंत दाखवतो. या आकड्यांवरून एक नियम निघतो. वरच्या मातीतल्या कमी रोधकतेला फारसे महत्त्व देऊ नये, कारण ती तिथे स्वाभाविक आहे. जिथे कातळ किंवा मांजऱ्या असल्याचे विहिरीवरून ठाऊक आहे, तिथे १०-१५ ओहम-मीटरचा भाग दिसला तर मात्र तो गंभीरपणे घ्यावा. कमी रोधकतेचा आडवा पट्टा चढाच्या रेषेतही त्याच उंचीवर दिसत असेल, तर तो दोन लाव्हा प्रवाहांमधला गेरूचा थर असण्याची शक्यता अधिक. तलावापासून सुरू होणारा, दूरच्या रेषांमध्ये फिका होत जाणारा आणि विहिरींच्या वाहकतेशी जुळणारा पट्टा हा पाझराचा खरा उमेदवार. बेसाल्टमध्ये हा पट्टा पंख्यासारखा पसरलेला नसून एखाद्या भेगेच्या बाजूने जीभ काढल्यासारखा अरुंद असू शकतो, आणि म्हणूनच समांतर रेषांमधले अंतर ५० मीटरहून अधिक ठेवू नये.

बोअर कुठे घ्यावा

छेदावरून बोअरच्या जागा ठरवाव्यात. किमान तीन हव्यात: एक पट्ट्याच्या मध्यात, एक त्याच्या कडेबाहेर आणि एक चढाच्या रेषेवर. कडेबाहेरचा बोअर अनावश्यक वाटतो, पण मधला आणि बाहेरचा दोन्ही सारखेच क्षारयुक्त निघाले तर तुमचे वाचन चुकले हे तोच सांगतो. वरच्या थरातले दूषित पाणी बोअरमधून खालच्या स्वच्छ थरात उतरू नये म्हणून केसिंग कातळात नीट बसवून बाहेरची फट बेंटोनाइटने (फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद करावी. हे न केल्यास शोध घेणाराच प्रदूषणाला वाट करून देतो.

बोअर स्थिरावल्यावर वाहकतामापकाची वायर मीटरामीटराने खाली सोडून नोंद घ्यावी. वाहकतेची उडी छेदातल्या पट्ट्याच्या खोलीशी जुळली, तर भूभौतिक अनुमानाला पहिला प्रत्यक्ष आधार मिळतो. नंतर बोअरमध्ये असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून, वाहकता स्थिर झाल्यावर नमुने घ्यावेत. भारतीय मानक १०५००नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास १,००० मिलिग्रॅम आहे. एकूण विद्राव्य घटकांसाठी हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत. विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे का, हे या मर्यादांवरून ठरते. ते पाणी तलावातून आले का, हे ठरवायला तलाव, बोअर आणि चढाची विहीर यांच्या नमुन्यांतील घटकांची प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १९७४ च्या कलम २१मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा, नोटीस कशी द्यावी आणि तो दोन भागांत विभागून मोहोरबंद कसा करावा याची रीत घालून दिली आहे. ती रीत पाळली नाही तर त्या कायद्याखालील कार्यवाहीत विश्लेषणाचा निष्कर्ष पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. खासगी सर्वेक्षणाचा उपयोग मंडळाने नमुने नेमके कुठून घ्यावेत हे दाखवण्यासाठी होतो, आणि तो कमी नाही.

अहवाल आणि पुन्हा मोजणी

अहवालात 'प्रदूषण आढळले' असे वाक्य छेदाखाली लिहू नये. 'या खोलीवर रोधकता पार्श्वभूमी रेषेपेक्षा इतक्या पटीने कमी आहे, आणि बोअरमधील वाहकतेशी ती जुळते' असे लिहावे. कच्ची वाचने, वगळलेल्या वाचनांची टक्केवारी, इलेक्ट्रोडची अक्षांश-रेखांशे आणि त्या दिवशी कोणती शेते ओली होती याची नोंद परिशिष्टात असावी. विरोधी बाजूचा तज्ज्ञ आधी तेच मागतो.

रेषांच्या दोन्ही टोकांना सिमेंटचे खुंट रोवून ठेवावेत, म्हणजे पावसाळ्यानंतर इलेक्ट्रोड त्याच जागी लावता येतील. दोन मोजण्यांतील फरकाचा छेद काढल्यास खडक आणि चिकणमाती वजा होतात, कारण त्या हंगामागणिक बदलत नाहीत. उरतो तो ओलाव्यातला आणि पाण्याच्या क्षारांतला बदल. भूजल पातळीच्या वरच्या भागात तो ओलाव्याचा असतो, म्हणून फरक पातळीच्या खालीच वाचावा. तलावाचे अस्तर दुरुस्त केले असेल किंवा तलाव रिकामा केला असेल, तर पट्टा फिका होतो आहे का हे तपासायला हीच रेषा पुढची दोन-तीन वर्षे, त्याच महिन्यात, त्याच मांडणीने मोजत राहावी. बेसाल्टच्या भेगांतले पाणी लवकर बदलते, पण मुरमाच्या चिकणमातीत मुरलेले क्षार हळूहळू सुटत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षी खालचा भाग सुधारलेला आणि वरचा जैसे थे दिसला तर दुरुस्ती फसली असे लगेच समजू नये.